मीटरपुढची हवा

इंजिनाचा आवाज फोनवरून ऐकता येतो, हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. दर रविवारी सकाळी नऊला सासऱ्यांचा फोन येतो. आधी मुलीची चौकशी, मग हवेची, मग माझ्या गुडघ्याची. एवढं उरकलं की ते घसा खाकरतात आणि म्हणतात, "बरं जावईबापू, आता तिच्याकडे द्या."

ती म्हणजे गाडी. मी दोन जिने उतरून खाली जातो, बॉनेट उघडतो, इंजिन सुरू करतो आणि फोन बॅटरीवर उताणा ठेवतो. दोन मिनिटं मी हाताची घडी घालून बाजूला उभा राहतो. बापलेकीचं बोलणं चाललेलं असताना जावयाने मध्ये उभं राहू नये, तसा. मग फोन उचलून कानाला लावला की पलीकडून येतं, "छान आहे. रेडिएटरचं पाणी बघा."

सासऱ्यांचं आयुष्य पंपांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून गेलं. पंपाला कान लावून ते त्याची कुंडली सांगत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांनी संप पुकारला, रस्त्यावरच्या पाट्या धुक्यात गेल्या, आणि त्यांनी गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "दोनच गोष्टी. हिला काही लावू नका. आणि हिचं काही काढू नका."

"छे हो बाबा," मी म्हणालो.

एक वर्ष अकरा महिने मी हा शब्द पाळला. मग मेहुणा आला.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. वय छत्तीस, व्यवसाय उत्साह. गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून तो म्हणाला, "दाजी, हिला टर्बो आहे, टर्बो! आणि आवाज शिवणयंत्राचा. वाघ पाळायचा आणि त्याला म्यांव करायला लावायचं, हा कुठला न्याय?"

टर्बो म्हणजे इंजिनात हवा फुंकणारा पंखा. चुलीत फुंकणीने फुंकर मारावी, तसा. आपण गिअर बदलायला पाय उचलला की इंजिनाचं दार मिटतं, आणि फुंकलेली हवा उंबऱ्यात ताटकळते. तिच्यासाठी कंपनीने एक छोटा व्हॉल्व्ह दिलेला असतो. तो ती हवा गुपचूप मागच्या नळीत परत सोडतो, घरातलं भांडण घरातच मिटवावं तसा. मेहुण्याने आणलेला व्हॉल्व्ह निळा, चकचकीत, अत्तराच्या बाटलीसारखा होता, आणि तो तीच हवा बाहेर चारचौघांत सोडणार होता. फिश्श!

मी नको म्हणालो नाही, असं नाही. म्हणालो. पण दुसऱ्यांदा वाढणाऱ्याला माणूस ज्या सुरात "नको, पुरे" म्हणतो, त्या सुरात. रविवारी दुपारी, सासऱ्यांचा फोन होऊन गेल्यावर, मेहुण्याने पाना धरला, मी टॉर्च धरला, आणि तासाभरात जुना काळा व्हॉल्व्ह निघून निळा बसला.

पहिले तीन दिवस, खोटं कशाला बोलू, मी हवेत होतो. मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार विभागाचा हेडक्लार्क. हेडक्लार्कच्या मागे कसला आवाज असतो? फार तर खुर्चीचा. आणि इथे चौकात मी नुसता पाय उचलला की फिश्श! लोक वळून बघत. एक कुत्रं जे कधी कुणासाठी उठलं नव्हतं, ते उठलं. बायकोने मात्र पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खिडकीतून वाकून विचारलं, "अहो, पंक्चर झालं का कुणाचं?"

बुधवारी सिग्नलला गाडी थरथरायला लागली. थंडीत आंघोळीला ढकललेल्या पोरासारखी. इंजिनाचा काटा वर-खाली, खाली-वर. गिअर बदलताना ती एक आवंढा गिळे, मागून कच्च्या पेट्रोलचा वास येई आणि मग ती पुढे जाई. कधी जाई, कधी नाही. शुक्रवारी पुलाच्या तोंडाशी तीनदा बंद पडली. मागच्या टेम्पोवाल्याने मान बाहेर काढून विचारलं, "काका, गाडी चालवताय की झोपवताय?"

मी काका! एकावन्न म्हणजे काही वय नव्हे.

संध्याकाळी इमारतीच्या खाली गाडीभोवती मंडळी जमली. कुणाची गाडी बंद पडली की आमच्या इमारतीत माणसांना एकमेकांची आठवण होते. वरच्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक वायर उचलून म्हणाले, "उंदीर. शंभर टक्के उंदीर. मोठमोठी राज्यं उंदरांनी पोखरली आहेत." तळमजल्यावरचे दाताचे डॉक्टर डोकं हलवत म्हणाले, "प्लग. दुखतो एकच, पण ठणका सगळ्या जबड्यात जातो." कोपऱ्यात इस्त्रीचं टेबल लावणाऱ्या मावशींनी इस्त्री उभी केली आणि तिथूनच विचारलं, "नवं काय बसवलंत हो तिला?"

"काही नाही," मी म्हणालो.

मावशींनी इस्त्री परत शर्टावर टेकवली. इतका साधा प्रश्न विचारणाऱ्या माणसाकडे शिकलेली माणसं लक्ष देत नाहीत, हे एक बरं असतं.

उंदराचा सापळा लावला. त्यात दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांचं बोट सापडलं, तेही सापळा नीट लागलाय हे मला दाखवताना. बोटाला फडकं गुंडाळत ते म्हणाले, "बघा, यंत्रणा चोख आहे. दोष उंदराचा आहे." त्यानंतर मी गाडी मेकॅनिककडे नेली. त्याला सगळे वस्ताद म्हणतात. वस्तादाने बॉनेट उघडलं, निळा व्हॉल्व्ह पाहिला आणि त्याचा चेहरा पहिलं बाळ हातात घेतलेल्या बापासारखा झाला.

"काय पीस आहे साहेब!" त्याने अॅक्सिलरेटर दाबून सोडला. फिश्श. परत दाबला, परत सोडला. शेजारच्या टायरवाल्याला हाक मारून ऐकवला. दहा-बारा वेळा झाल्यावर त्याने मोठ्या समाधानाने चारही प्लग बदलले.

"आता?" मी विचारलं.

"आता प्लग नवे आहेत," वस्ताद म्हणाला.

यात खोटं काहीच नव्हतं. गाडी पूर्वीसारखीच थरथरत घरी आली, फक्त नव्या प्लगवर.

आणि रविवार उजाडला. नऊला फोन आला. मुलीची चौकशी झाली, हवेची झाली, गुडघ्याची झाली. "बरं जावईबापू, आता तिच्याकडे द्या."

जिना उतरताना माझ्या मनात पाप नव्हतं. ते शेवटच्या पायरीवर आलं. दाताचे डॉक्टर आपली छोटी पांढरी गाडी सुरू करून काचा पुसत होते. मी त्यांना खुणेने विनवलं, त्यांनी बॉनेट उघडलं, आणि मी फोन त्यांच्या बॅटरीवर ठेवला. दोन मिनिटांनी कानाला लावला. पलीकडून "छान आहे" आलं नाही.

"बाबा?"

"जावईबापू, ही कुणाची?"

"आपलीच."

"आपलीला चार सिलेंडर आहेत. ही तीनवर चालतेय."

"रेंजमुळे एखादा ऐकू आला नसेल."

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "असेल." आणि फोन ठेवला. रेडिएटरच्या पाण्याचा शब्दही काढला नाही.

माणूस रागावला तर त्याची समजूत काढता येते. "असेल" म्हणाला तर काय काढणार? दिवसभर ते "असेल" माझ्या मागे मागे फिरत होतं. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला केर काढताना, भाजी चिरताना ओव्या जुळवायची खोड आहे. तिची आजी जात्यावर गायची, ही घड्यांवर गाते. माझ्याकडे न बघता तिने सुरू केलं:

"नको नको म्हणताना, हौस शिरली घरात,
शिट्टी वाजते चौकात, गाडी बसते दारात."

"पुरे," मी म्हणालो.

"अजून एक आहे," ती म्हणाली.

"बापाच्या कानाला, कशी फसवू मी बाई,
कान म्हणजे तराजू, त्याला पासंग नाही."

मग उशीचा अभ्रा झटकून तिने साध्या आवाजात विचारलं, "अहो, खरं सांगून टाकायला काय होतंय?"

"सांगायची गरजच काय? निळा काढतो, काळा बसवतो. पुढच्या रविवारी आवाज जसाच्या तसा." मी लगेच मेहुण्याला फोन लावला. "आपला जुना व्हॉल्व्ह कुठे ठेवलास?"

"तो?" पलीकडे मेहुणा कुठल्या तरी बाजारात होता. "तो दुकानात दिला ना दाजी. जुना दिला की नव्याचे थोडे पैसे परत होते."

दुकानाने तो पुढे कुणाला तरी दिला होता. कंपनीच्या कार्यालयात चौकशी केली तर तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, या मॉडेलचा पार्ट मागवावा लागेल. तीन आठवडे." तीन आठवडे म्हणजे तीन रविवार.

त्यातच गाडीची धूर-तपासणी त्या आठवड्यात होती. तपासणी केंद्रात सायलेन्सरमध्ये नळी घातली, यंत्राचा काटा उडून टोकाला गेला, आणि तपासणाऱ्याने दोन पावलं मागे घेतली. त्याने मला खिडकीवर पाठवलं. खिडकीतल्या बाबूने कागद पाहिला, निळा व्हॉल्व्ह पाहून आलेल्या माणसाचा शेरा पाहिला, आणि चष्मा वर केला.

"गाडीत बदल केलाय. बदलाची नोंद कुठे आहे?"

"नोंद करतो. काय लागेल?"

"अर्ज. दोन प्रतींत. सोबत धूर-तपासणीचा दाखला."

"पण तो दाखला घ्यायलाच तर मी आलोय."

"त्याला बदलाची नोंद लागेल."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. या खेळाचे नियम मला पाठ आहेत. सव्वीस वर्षं मी तो पलीकडच्या बाजूने खेळतोय. मी आवाजात थोडं वजन आणून म्हणालो, "मी पाणीपुरवठ्यात हेडक्लार्क आहे."

"माहीत आहे," तो म्हणाला. "मागच्या वर्षी तुमच्या टेबलावर आलो होतो. मीटरच्या पुढे नळी फुटली होती आमची. तुम्ही लिहून दिलंत, 'मीटरपुढील गळती ही ग्राहकाची जबाबदारी आहे.' छान अक्षर आहे तुमचं." आणि त्याने पुढच्या माणसाला बोलावलं.

मी गाडी घरी आणली. वाटेत ती पाच वेळा थांबली आणि त्यातल्या तीन वेळा मला बरंच वाटलं, कारण घरी जाऊन करायचं काय हा प्रश्न होताच.

गुरुवारी दुपारी कार्यालयात बायकोचा फोन आला. आवाज दबका. "बाबा आलेत. एकटे. बसने. वर यायला तयार नाहीत."

मी अर्धी रजा टाकून रिक्षाने आलो. सासरे खाली गाडीजवळ स्टुलावर बसले होते. पिशवी पायाशी, हातात मावशींनी दिलेला चहाचा कप, दुसरा हात बॉनेटवर. तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"मी काही सांगितलं नाही हो," मावशी इस्त्रीमागून म्हणाल्या. म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी आहे, एवढं त्यांनी सांगितलं होतं.

"बाबा, कळवायचं तरी! मी आणायला..."

"सुरू करा," ते म्हणाले.

सुरू केली. गाडी थरथरली, काटा नाचला. सासऱ्यांनी कप खाली ठेवला आणि डोळे मिटले. मग उठून बॉनेटमध्ये वाकले. त्यांची बोटं नळ्यांवरून हळूहळू सरकत गेली, माळेचे मणी ओढत जावेत तशी. रबर, क्लिप, रबर, क्लिप. एका जागी थांबली. पुन्हा मागे आली. पुन्हा तिथेच थांबली.

"हे थंडगार, गुळगुळीत काय आहे?"

मी मावशींच्या इस्त्रीकडे पाहिलं.

त्यांनी त्या निळ्या व्हॉल्व्हच्या तोंडावर तळहात दाबून धरला. आणि इंजिन शांत झालं. रडून रडून दमलेलं पोर एकदम खांद्यावर निजावं, तसं. काटा जागच्या जागी. तो जुना, शिवणयंत्राचा आवाज. सासऱ्यांनी हात काढला, गाडी थरथरली. ठेवला, शांत. काढला, थरथरली. प्राध्यापक, डॉक्टर आणि मावशी तिघंही जवळ आले होते, डॉक्टर पुटपुटले, "भूल दिल्यासारखं वाटतंय."

"हवा आत ओढतोय," सासरे म्हणाले. "हाताला चिकटतोय माझ्या. याची स्प्रिंग मऊ आहे. पाय उचलला तेवढ्यापुरताच उघडायला हवा, तर हा उभ्या गाडीतही फट ठेवून बसलाय. जावईबापू, तिकडे पुढे नळीत एक सेन्सर आहे. आत जाणारी हवा मोजतो. तो सांगेल तेवढंच पेट्रोल इंजिनाला मिळतं."

"म्हणजे मीटर," मी म्हणालो.

"मीटर. मग मीटरच्या पुढे या फटीतून न मोजलेली हवा शिरली, तर त्याला तुमच्या खात्यात काय म्हणतात?"

"चोरीची जोडणी."

"आणि गिअर बदलताना हाच पठ्ठ्या मोजून झालेली हवा बाहेर सोडून देतो. मीटरने मोजली, पेट्रोल सुटलं, आणि हवा पोचलीच नाही. पेट्रोल न जळता धुरात. त्याला काय म्हणतात?"

"मीटरपुढील गळती," मी म्हणालो. सव्वीस वर्षं मी हे वाक्य लिहितोय. कमीत कमी चार हजार कागदांवर माझ्या छान अक्षरात ते आहे. आणि अकरा दिवस ते माझ्याच बॉनेटखाली फिश्श करत होतं.

"कुणी सुचवलं हे?"

मेहुणा समोर नव्हता. चाकू माझ्या हातात होता, मान पोराची होती. "मीच," मी म्हणालो. "मीच बसवला."

"खोटं बोलताना तुमचाही एक सिलेंडर बंद पडतो," सासरे म्हणाले. "पोरगा माझा आहे. मला माहीत आहे." त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि एकेक बोट पुसायला घेतलं. "जुना कुठाय?"

"गेला. नवा मागवलाय, तीन आठवडे लागतील. तो बसला की बदलाच्या नोंदीचं आणि दाखल्याचंही..."

"तो बसला की बदलच राहत नाही. नोंद कसली?" बोटं पुसून झाली तरी ते पुसतच होते. मग खालच्या आवाजात, शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही इतक्या बेताने म्हणाले, "लावलंत त्याचं काही नाही, जावईबापू. हौस असते माणसाला. पण दर रविवारी दोन मिनिटं मी ही गाडी चालवतो. आवाज आला की मला रस्ता दिसतो. झाडं दिसतात, वळण दिसतं, सगळं. गेल्या रविवारी तुम्ही मला दुसऱ्याच्या गाडीत बसवलंत."

सव्वीस वर्षं लोकांच्या तक्रारींना उत्तरं देणारा मी. या तक्रारीला उत्तराचा नमुनाच नव्हता. बायको जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. तिनेही ऐकलं असावं, कारण तिने पदर तोंडाला लावला होता आणि एकही ओवी तिला सुचत नव्हती.

सासऱ्यांनी रुमालाची घडी केली. खिशात ठेवली. मग बॉनेटमध्ये मान घालून म्हणाले, "हा वाजतो म्हणे?"

"हो."

"कसा?"

"उभ्या गाडीत नीट नाही वाजत. रस्त्यावर... पाय उचलला की."

त्यांनी बॉनेट खाली केलं. एका हाताने गाडीची कड धरत धरत ते पुढे गेले, चालकाच्या दारापाशी सवयीने थबकले, आणि मग पुढून वळसा घालून पलीकडच्या दाराशी आले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की किल्ली दिल्यापासून हा माणूस या गाडीत बसलेलाच नाही. नात्यातल्या लग्नाला आले ते बसने, दवाखान्यात गेले ते रिक्षाने. मी कितीदा "सोडतो" म्हणालो, आणि त्यांनी कितीदा वेगवेगळी कारणं सांगितली. आपल्याच गाडीत शेजारच्या सीटवर कसं बसायचं, हे त्यांना जमत नव्हतं, आणि मी ते कधी विचारलंही नव्हतं.

ते बसले. पट्टा लावताना दोनदा चाचपडले. मी मदत केली नाही. तेवढी अक्कल त्या अकरा दिवसांत आली होती.

"एकच फेरी," ते म्हणाले. "मग काढायचाच आहे."

मैदानाच्या कडेचा रस्ता मोकळा होता. मी दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना पाय उचलला. फिश्श!

सासरे दचकले. मग त्यांच्या मिशा हलल्या. "परत."

फिश्श!

"हात्तिच्या!" ते हसले. त्यांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. पंपाचा तपासनीस हसतो तेव्हा आधी नीट तपासून घेतो, तसलं नाही, एकदम सुटलेलं. "अहो, हा तर निव्वळ मूर्खपणा आहे! परत!"

एक फेरी झाली. दुसरी झाली. तिसरीत त्यांनी काच खाली केली, म्हणजे आवाज नीट येतो म्हणून. चौथ्या फेरीला चौकाच्या वळणावर मी पाय उचलला, फिश्श झालं, गाडीने आवंढा गिळला, आणि ती बंद पडली. मागे हॉर्न वाजायला लागले. एक, दोन, मग सगळे. सासऱ्यांनी काचेतून मान बाहेर काढली आणि ज्या दिशेने सर्वांत मोठा हॉर्न येत होता, नेमक्या त्या दिशेला ओरडले, "थांबा हो! जावई शिकतोय!"

हॉर्न थांबले. चौकातली माणसं माझ्याकडे बघत होती. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या, पण आता बोलायला हवंच होतं, नाहीतर पुन्हा धीर झाला नसता. मी स्टिअरिंगवरून हात काढले. "बाबा, खरंच, माझं चुकलं. तुम्ही सांगितलं होतं आणि मी..."

"जावईबापू," त्यांनी डोळे मिटले आणि सीटला टेकून बसले. "चुका सावकाश. आधी किल्ली फिरवा, पुढे ती झाडं येतात."